अकराशे पायांचा बॅकअप

८ सप्टेंबर, सोमवार

सर्व्हर आज पुन्हा झोपला! पूर्ण वीस मिनिटं. फेलिक्स सरांचा चेहरा पांढराफटक. परळच्या या वर्कशॉपमध्ये आम्ही कृत्रिम पाय बनवतो आणि अकराशे माणसांच्या पायांची मापं त्या एका डब्यात आहेत. दुसरी प्रत कुठेच नाही! एवढी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही – माझ्याही नाही, खोटं कशाला लिहू. माप गेलं तर माणूस परत बोलवावा लागतो, नांदेडहून, सावंतवाडीहून, कुबड्या घेऊन.

सर म्हणाले, वैशाली, बॅकअपची पद्धत तू ठरव. नीट चालली तर सगळी सिस्टम तुझ्या हाताखाली. मी! टायपिस्ट म्हणून लागलेली मी!

१० सप्टेंबर, बुधवार

नवा इंजिनियर पुष्कर. माटुंग्याचा, सव्वीस वर्षांचा. त्याचं एकच पालुपद – सगळं क्लाऊडवर टाका, इंटरनेटवर आपोआप प्रत होत राहते. माझं म्हणणं, दोन डिस्क. एक इथे रोज भरायची, दुसरी सरांच्या घरी खोताच्या वाडीत ठेवायची आणि दर शनिवारी अदलाबदल. इथे आग लागली तरी तिकडची वाचते.

"ताई, डिस्क पिशवीत घालून आता कोण फिरतं?" म्हणे. हसला वर. मी फिरते! दात काढू नकोस म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

जिंकले!! सरांनी परीक्षाच लावली – दोघांनी आपापल्या प्रतीवरून सगळी मापं परत आणून दाखवा. माझ्या डिस्कने पन्नास मिनिटांत आणली. पुष्करचं क्लाऊड संध्याकाळपर्यंत रांगत होतं, आमची इंटरनेटची लाइन आहेच तसली. भिवाकाका आमचे सगळ्यात जुने फिटर, त्यांनी ग्राइंडर बंद करून टाळ्या वाजवल्या.

आता ते क्लाऊड गुंडाळ, असं मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. बिचारा मान खाली घालून बसला. जरा जास्तच झालं का? झालं तर झालं. घरी वरळीला जाताना अर्धा किलो बर्फी घेतली.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजची भरलेली डिस्क सरांच्या हाती दिली, तिकडची इथे आणली. दुसरा आठवडा. काडीची अडचण नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

देवरुखहून कालिंदीबाई आल्या होत्या. गुडघ्याखाली डावा पाय नाही. नोव्हेंबरात मुलीचं लग्न. म्हणाल्या, "व्याह्यांसमोर मला खुर्चीत बसून राहायचं नाही." किती साधं मागणं! माप घेतलं, आणि लगेच दुपारच्या एसटीने परत. मुलगी रजा टाकून सोबत आलेली; लग्नाआधी पुन्हा येणं जमायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, गरजच नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी, यंत्रांची पूजा. मी पूजेला उभी राहत नाही. आम्ही बौद्ध, सगळ्यांना माहीत आहे, मी तेवढा वेळ खाली चहाला जाते. तेच नडलं! वर येते तर सर्व्हरला झेंडूचा हार, पुढे पाट, पाटावर कुंकू लावलेल्या डिस्क. दोन! सरांनी घरची पण आणली होती. माणूस कॅथलिक, पण या पूजेची हौस सगळ्यात जास्त यांनाच. तिलाच का वगळायचं, असं वाटलं म्हणे.

भिवाकाकांनी नारळ फोडला आणि दरवर्षीप्रमाणे सगळ्या यंत्रांवर पाणी शिंपडलं. यंदा सर्व्हरवरही. "त्याका नको काय?" म्हणाले. पाणी जाळीतून आत, सर्व्हर ठप्प. इथली डिस्क उचलली तर टपटप गळत होती. सरांकडची एका बाजूने ओली.

मी ओरडले. मग रडले. सरांना इतकं वाट्टेल ते कधी बोलले नव्हते. पण चूक माझीही – दोन डिस्क एका छताखाली कधीच आणायच्या नाहीत, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. एवढं तर कळत असेल, असं धरून चालले. कालिंदीबाईंना काय तोंड दाखवू?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरी साडी नेसून विहारात बसले, पण मन इथेच. आज नवा सर्व्हर आला. सरांकडची डिस्क दोन दिवस पंख्याखाली वाळवली होती. जोडली – दिवा लागला!! आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मापं उतरायला लावून चारला निघाले. लक्ष ठेवायला पुष्कर थांबला.

४ ऑक्टोबर, शनिवार

अकराशेच्या अकराशे! आल्या आल्या कालिंदीबाईंची फाइल उघडली – आहे! केवढ्याने किंचाळले, खालचा चहावाला वर आला. सरांनी केक मागवला, मला शेजारी उभं केलं आणि जाहीर केलं – आजपासून सगळी सिस्टम वैशालीची. भिवाकाकांचे डोळे भरले होते. पुष्करनेही टाळ्या वाजवल्या. मी त्याला म्हटलंच, बघ, अशी असते पद्धत! आज आरशात बघून स्वतःलाच शाबास म्हटलं. का नाही म्हणायचं?

६ ऑक्टोबर, सोमवार

वहीत नोंद करायला बसले आणि हात थांबला. वाचलेली डिस्क शनिवारी भरलेली. कालिंदीबाईंचं माप मंगळवारचं. ते त्या डिस्कवर असूच शकत नाही.

पुष्करला विचारलं. त्याने क्लाऊड बंद केलंच नव्हतं. शुक्रवारी मी गेल्यावर राहिलेल्या दिवसांची मापं त्याने तिथून उतरवून घेतली होती. मग शनिवारी बोलला का नाहीस?

"तुम्ही इतक्या खूश होतात, ताई."

त्याला हाताला धरून सरांच्या केबिनमध्ये नेलं. म्हटलं, सर, कालिंदीबाईंचं माप याच्या क्लाऊडने वाचवलं.