सोजरबाईचा फॉर्म

१८ नोव्हेंबर १९५७
फॉर्म आले. चाळीस! राज्य बदललं; आधी कागद नागपूरहून यायचे, आता भोपाळहून — आणि सगळं हिंदीत.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा अभ्यास आहे, मी त्यांची नर्स. मेलेलं मूल झालेल्या चाळीस बाया. वीस जणींकडे मी तीन-तीनदा जायचं, धीर द्यायचा. उरलेल्या वीस जणींकडे एकदाच, फक्त विचारायला. मग बघायचं, कोण लवकर बरी झाली. शेवटचा प्रश्न — ‘काम पर कितने दिन में लौटी?’ दिवस कमी म्हणजे बाई बरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उषाबाई, मला आकडा हवा, गोष्टी नकोत.

धीर कसा द्यायचा ते कुठेच छापलेलं नाही.

१९ नोव्हेंबर
हे आजही राजघाटावर आंघोळीला. एवढी थंडी, घरात बंब तापलेला — आणि हे शनवाऱ्याच्या वेशीतून पायी नदीवर! मास्तर असून शाळेला उशीर होतो तो वेगळाच. बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

२ डिसेंबर
डोईफोडिया गाव. सोजरबाई, वय वीस, पहिलंच बाळंतपण. दिवाळीच्या पाडव्याला झालं, मेलेलं. ही फक्त विचारायच्या विसांतली. ती घरी नव्हतीच. सासू भागाबाईच सगळं सांगत होती. म्हणाली, सून बाराव्या दिवशी कापूस वेचाले गेली, एक दिवस खाडा नाही, गुणाची आहे. मी १२ लिहिला. इतका कमी आकडा अजून कुणाचाच नाही! जिच्याकडे कुणी गेलंच नाही तीच सगळ्यांत आधी बरी. मग मी बाकीच्यांकडे तीन-तीनदा कशाला जाते?

३ डिसेंबर
डोक्यातून जात नाही. तीन वर्षांपूर्वी माझंही असंच झालं, मला बाळ दाखवलंही नाही. चौदाव्या दिवशी ड्युटीवर हजर. सगळे म्हणाले, उषा खंबीर. फॉर्म असता तर मीही बरीच! होते का?

९ डिसेंबर
दुसऱ्या बाईकडे जाताना शेतात सोजरबाई दिसली. बायका पुढे वेचत गेलेल्या, ही एकटी मागे बांधावर बसलेली. कापसाची ओटी रिकामी. मी म्हटलं, रोज कामाला येतेस म्हणे.

तिने बांधावरच्या दगडांकडे हात केला.

“काम कशाचं, बाई? माझा पोऱ्या तठे हाय ना.”

दाखवला नव्हता तिला. निंबाने, नवऱ्याने, फडक्यात गुंडाळून नेला. कुठे पुरला ते सासूलाही माहीत नाही, त्यानेच गुपचूप हिला सांगितलं. म्हणून ती रोज येते. मी शेजारी बसले. धीर वगैरे काही दिला नाही. तिने विचारलं, बाई, त्याचं नाक कोणासारखं असंल? मला काय माहीत! बस चुकली.

१० डिसेंबर
आता १२ खोटा का खरा? कामावर गेली हे खरं. बरी झाली हे खोटं. आणि तरी — घरी बसली असती तर जास्त बिघडली असती ना? बरी म्हणजे काय, माझं मलाच कळेनासं झालंय. शिवाय मी तिच्याशी बसले, म्हणजे ती आता कुठल्या विसांत?

१६ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, आकडा राहू द्या, यासाठी रकानाच नाही. फॉर्म अजून माझ्या पिशवीत आहे.

१७ डिसेंबर
फॉर्मच्या पाठीमागे मराठीत सगळं लिहिलं. भोपाळला पाठवला. वाचतील तर वाचतील.

१८ डिसेंबर
आज ह्यांना विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा — आपलं कुठे ठेवलंत?

टॉवेल खांद्यावर, दारातच उभे राहिले.

“राजघाटाच्या वरच्या अंगाला. मुलगी होती, उषा. चल, येतेस?”