व्हर्शेकची घंटा

व्हर्शेक, ४ ऑक्टोबर १९९८

चि. बोहुमीर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खुबा अजून कुरकुरतो, पण रोज दुपारी चॅपेलपर्यंत जाऊन घंटा ओढून येतेच. तू लिहितोस, टेकडीवर एकटी काय करतेस, प्लझेनला ये, इथे लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. अरे, चूल पेटवली की इथेही पाणी गरमच होतं.

खरं सांगू? माझा जीव त्या घंटेत अडकलाय. गावात कुणी गेलं की घंटा आपल्या घरानं वाजवायची, हा आजोबांपासूनचा रिवाज. पुरुषासाठी मध्ये तीनदा थांबायचं, बाईसाठी दोनदा. युद्धात जुनी घंटा तोफांसाठी वितळवायला नेली, तेव्हा आईनं नांगराचा फाळ टांगून बडवला, पण कुणाला मुकं जाऊ दिलं नाही. मी सगळ्यांसाठी वाजवते. माझ्यासाठी कोण वाजवणार, तेवढं सांग. तुझी लिफ्ट?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
द्राहोमीरा


प्लझेन, १५ ऑक्टोबर

ती. ताईस बोहुमीरचा सा. न. वि. वि.

तुझा मरणाचा विषय मला मुळीच आवडला नाही. आजोबा नव्वदीत दोर ओढत होते, तू तर अजून लहान आहेस. सरपंच हायेकांना फोन केला होता. ते म्हणाले, घंटेला विजेची मोटर बसवतोय, बटण दाबलं की काम झालं. मग आता तुला अडवणारं काय उरलं?

मास्तरांनी पाठ करून घेतलेलं आठवतं ना? चॅपेलच्या छपराच्या एका बाजूचं पाणी एल्बेतून उत्तर समुद्राला जातं, दुसऱ्या बाजूचं डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला. आपल्या गावात पाणीसुद्धा थांबत नाही, ताई. तूच काय ती ठाण मांडून बसलीस.

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मीही दिवसभर खिडकीशी बसून असतो. माझी यित्का म्हणते, आत्याला आणा, निदान भांडायला तरी कुणी मिळेल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बोहुमीर


व्हर्शेक, ९ नोव्हेंबर

चि. बोहुमीर यास आशीर्वाद.

मी वारले, हे तुला कुणी कळवलं का? घाबरू नकोस, पत्र मीच लिहिते आहे.

परवा मोटर बसली आणि पहिल्याच दुपारी घंटा वाजता वाजता दोनदा अडकली. गावानं ऐकलं. दोनदा थांबली म्हणजे बाई गेली. आणि दोर द्राहोमीराच्या हातात नाही, म्हणजे कोण गेली ते सांगायलाच नको. मी कणिक मळत होते. दार उघडते तो काय, अंगणात अख्खं गाव, काळे कपडे, हातात मेणबत्त्या. शेजारची अनेश्का मला बघून आधी किंचाळली, मग रागावली की पिठाच्या हातांनी मरतं का कुणी! सरपंच म्हणाले, आलोच आहोत तर बसतो. मग आलुबुखाराची दारू निघाली, अनेश्कानं आणलेले गोड पाव संपले. माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मलाच लाज वाटली.

सगळे गेल्यावर मात्र खूप रडले. माझ्या मयताला सगळं गाव होतं, बोहुमीर, तू नव्हतास. आणि घंटा वाजवली ती एका बिघडलेल्या यंत्रानं. मला ते सोसलं नाही.

जपून राहा.

ताई


प्लझेन, १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. शेवटाला आल्यावर यित्काला हाक मारली, पण तिला वाचून दाखवता येईना.

माडीवरची खोली झाडून ठेव. नाताळच्या आत येतो, राहायलाच. दुपारची घंटा खुशाल मोटर वाजवू दे. माणसांची मी वाजवीन. मला शिकव.

तुझा,
बोहुमीर


व्हर्शेक, २० डिसेंबर

चि. यित्का हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा सुखरूप पोचले. आल्याआल्या चुलीवरून भांडले, म्हणजे तब्येत उत्तम आहे. रोज संध्याकाळी आम्ही चॅपेलमध्ये सराव करतो. गाव पुन्हा मेणबत्त्या घेऊन येऊ नये म्हणून घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलंय.

पुरुषाची घंटा त्याला चोख जमते. बाईची वाजवताना मात्र दुसऱ्यांदा थांबला की थांबतोच. दोर धरून माझ्याकडे बघत राहतो, डोळे भरून येतात आणि पुढे हातच हलत नाही. हा शिकेपर्यंत आता मला मरायची सोय नाही.

नाताळला ये. आमच्या दोघांवर माया आहे ती राहू दे.

तुझी आत्या,
द्राहोमीरा