उंदरांच्या खोलीतला अंधार

१४ जून, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरी आहे. बाबांनी मासे पाळायचं खूळ घेतलंय, टाकी अजून गळतेय. मावशी फोनवर सांगत होती, तू उशाशी तीन-तीन गजर लावून झोपतेस. त्यावरूनच हे पत्र.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या वयात येणारे उंदीर आहेत. डोळ्यात शिरलेल्या उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळापर्यंत नेणारे बारीक तंतू असतात. पिल्लात त्यांची मांडणी एक आणि वयात येताना वेगळी. मोजून मोजून माझे डोळे गेले, पण फरक दिसतोय. त्या वयात घड्याळाची तारच नव्याने ओढली जात असते म्हण ना. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी सगळ्यांना बजावत असते. तरी सकाळी डोळे न उघडणारी तू आठवायची ती आठवतेसच.

त्यांच्या अंधाराच्या वेळी मी दाराच्या फटीलासुद्धा काळा कागद चिकटवते. परवा मदतनीस बाईंनी चुकून दिवा लावला, तर मी त्यांना फाडून खाल्लं. वाढत्या जिवांचा अंधार असा मोडतात का, म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, लेकीला तुम्ही रोज तोंडावर ट्यूबलाइट लावून उठवायचात ना? तुम्हीच हसत सांगायचात."

मी वळले. झाडायचे राहिलेले पिंजरे झाडायला घेतले.

आता खरं लिहिते. याआधीची दोन पत्रं फाडून झालीत. पोहण्याच्या संघाच्या निवडीच्या दिवशी सकाळी मी तुला उठवायला दोनदा हाक मारली, असं सगळ्यांना सांगितलं. एकदाही मारली नव्हती. आदल्या दिवशी तू उलट बोलली होतीस. आता कळू दे हिला, म्हणून मी चहाचा कप घेऊन ओट्यापाशी बसून राहिले, निवडीचे सात वाजून जाईपर्यंत. नंतर तू रडत म्हणालीस, "आई, मीच आळशी आहे." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. मावशीचं घर पोहण्याच्या तलावाला लागून, तिथे तरी उशीर होणार नाही म्हणून तू सामान बांधलंस, आणि मी तुझे कपडे घडी करून दिले.

तू आळशी नाहीस गं. मी खोटं बोलले.

तुझ्या खोलीतली ट्यूब काढून टाकलीय, खिडकीला जाड पडदा शिवलाय. टाका वाकडा आहे, चालवून घे. यावंसं वाटलं तर ये. भांडायला आलीस तरी ये.

पत्र सकाळी पोचेल. मावशीला बजावलंय, तिला उठवू नकोस, आपणहून उठली की दे.

त्या दिवशी तुला हाक न मारलेली,
आई