काटा वर चढत होता

मंगळवार, मे १९५६. संध्याकाळ.

लालबागला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गाडी अडकली. मालकांच्या आई, माईसाहेब, मागे बसलेल्या. काचा बंद, थंड हवेचं मशीन चालू. उभ्या गाडीत इंजिन तापलं, काटा लाल रेघेपाशी. म्हटलं, "माईसाहेब, हवा बंद करून काचा उघडाव्या लागतील." "उघड," म्हणाल्या.

घोषणा एकदम आत घुसल्या. आमच्या चाळीतली माणसं शेजारून चाललेली, आणि मी ड्रायव्हरची टोपी पुढे ओढून काट्याकडे बघत बसलो. का? लाज कसली?

काटा हळूहळू उतरला. मी मशीनच्या बटणाकडे हात नेला, तर मागून माईसाहेब म्हणाल्या, "राहू दे रे गणपत. मघापासून तुझे ओठ हलतायत, आरशात दिसतंय. मोठ्यानं दे की घोषणा!"

आता बायको विचारतेय, घसा कशानं बसला.