बाराव्या दिवसाचं इंजेक्शन

३ मार्च

प्रिय ठमे,

अक्षर ओळखून नाक मुरडलंस ना? मुरड. माझा नंबर तूच ब्लॉक केलास, म्हणून पेन हातात घ्यावं लागलं. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. लॅबमध्ये नवीन साहेब आलेत, त्यांना उंदरांच्या वासाने शिंका येतात आणि आम्ही सगळे तोंड फिरवून हसतो. छकुली कशी आहे? अजून सगळ्यांच्या चपला रांगेत लावत बसते का?

आईकडून कळलं, तुला पुन्हा दिवस गेलेत. दुसरा महिना. अभिनंदन. ताईला सांगू नकोस असं तिला बजावलं होतंस म्हणे. आईच्या पोटात कधी काही राहिलंय का गं?

मला घराबाहेर काढलंस त्याला सहा महिने झाले. चूक झाली, असं मी म्हणणार नाही. पोरीला मी काही मारलं नव्हतं. एका खोलीत तुला बसवलं, दुसरीत तिचा ठोकळ्यांचा डबा ठेवला, तिला मधल्या बोळात उभं केलं आणि दहा मिनिटं घड्याळ लावलं. लॅबमध्ये पिल्लांना आम्ही असंच सोडतो. एका बाजूला दुसरा उंदीर, दुसऱ्या बाजूला नुसती वस्तू. पिल्लू कुठे जास्त वेळ रेंगाळतं ते लिहायचं. तुला वाटलं मावशी-भाची खेळतायत. मग माझी वही तुझ्या हाती लागली. ‘आईकडे – शून्य.’ अशी किंचाळलीस की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली.

वहीत न लिहिलेलं एक सांगते. ती डब्याकडेही गेली नव्हती. माझ्याजवळ आली आणि माझ्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहिली. पूर्ण दहा मिनिटं. घड्याळ धरून बसलेल्या बाईसाठी आमच्या तक्त्यात रकाना नसतो, म्हणून मी दोन्हीकडे शून्य लिहिलं.

बरं, पत्र काही त्यासाठी नाही.

तू विचारायचीस, “ताई, तू त्या उंदरांचं नक्की करतेस तरी काय?” आणि मी म्हणायचे, “पिंजरे साफ करते.” थाप होती. गाभण मादीला बाराव्या दिवशी मी इंजेक्शन देते. मानेला धरायचं, उताणी करायची, पोटात सुई. पिल्लं दिसायला धडधाकट निघतात. पण आईपासून बाजूला काढली तर इतरांपेक्षा कमी ओरडतात, बाकीच्यांत मिसळत नाहीत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहतात. माणसाच्या पोटात काय बिघडत असेल ते त्यांच्यावरून शोधायचं, याला साहेब लोक ऑटिझमचं मॉडेल म्हणतात. शेवटी मेंदू बघायला ती मारायची. तेही काम माझ्याकडेच. माझा हात हलका आहे म्हणे.

इंजेक्शनात काय असतं, विचार की. फिटचं औषध. तुझंच.

छकुलीच्या वेळी तुला जेमतेम दुसरा महिना होता. मी भेटायला आले, तर उशाखालून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं. फिट येतात हे तू सासरी लपवलेलं, म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं नव्हतंस. मी नाव वाचलं. सकाळीच सहा माद्यांना तेच टोचून आले होते. तू म्हणालीस, “ताई, सगळं छान चाललंय,” आणि मी म्हटलं, “छानच होणार.”

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही आहे. पण मी गप्प बसले ते त्यासाठी नाही. माझी तीन पोटातच गेली, ठमे, आणि तू लग्नाच्या वर्षातच पोटावर हात ठेवून मिरवत होतीस. मला बघवेना. आणि पुढे काय होतं, ते मला बघायचंही होतं.

आता नीट ऐक. तू अजून तीच गोळी घेतेस आणि अजूनही लपवतेस, हेही आईनेच सांगितलं. आपल्या मनाने बंद करू नकोस, कुठेतरी फिट येऊन पडशील. पण पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जा, फिटचं सगळं सांग, काय बदलायचं ते त्या बघतील. नवऱ्याला काय वाटेल ते गेलं खड्ड्यात. यात एकेक दिवस मोलाचा असतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

२६ मार्च

पत्र लिहिलं त्याच दिवशी पाकिटात घातलं, तिकीट लावलं. टपालपेटी लॅबच्या फाटकालाच आहे. तेवीस दिवस पाकीट एप्रनच्या खिशात घेऊन तिच्यासमोरून जात-येत होते. विसरले असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण विसरले नव्हते. आईला एक फोन करता आला असता. तोही केला नाही.

तुझा तिसरा सरत आला असेल. डॉक्टरीणबाईंकडे तरीही जा. आज पत्र टाकते.

छकुलीला पापा.

तुझी सख्खी बहीण,
ताई