गुरुजींच्या भाताच्या वह्या

२ नोव्हेंबर २००४
पासलीचे गुरुजी आले, पिशवीत सात वह्या. मला चौथीला शिकवलेलं, म्हणून ते दुकानात आले की अजून खुर्ची सोडून उभा राहतो. वेल्ह्याच्या डोंगरातले भाताचे जुने वाण, प्रत्येकाचं नाव, कुठं व्हायचा, कधी पेरायचा, शेजारी रंगीत पेन्सिलीनं दाणा. उभ्या आयुष्याचं काम. यातले कितीतरी आता कुणीच पेरत नाही. वह्यांना वाळवी लागलीय. स्कॅन करून पुस्तक करायचं. डॉक्टरांनी मुदत दिलीय, हे हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.
दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन एकेका पानाला रडतंय. रॅम १२८ एमबीच. पुण्याला जावं लागणार.

५ नोव्हें.
रमजानच्या रोज्यात, उपाशीपोटी एसटीचे धक्के. रॅम आणली, २५६. दुकानात दोन होत्या. एक ३३३ ची, सीएल अडीच. दुसरी ४०० ची, सीएल तीन. सीएल म्हणजे काय विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ते सोडा हो, मोठा आकडा घ्या." घेतला. न कळता घेतल्याची चुटपुट.

७ नोव्हें.
मासिकातून समजून घेतलं. चारशे म्हणजे माल किती झपाट्यानं वाहतो. सीएल म्हणजे मागितल्यावर पहिला दाणा हाती पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके. गुरुजी समोरच होते. "म्हंजी हाक मारल्यावर ओ द्यायला लागनारा येळ." अगदी तेच. मग त्यांनीच कागदावर मांडलं. चारशेचा ठोका पाच नॅनोसेकंदांचा, तीन ठोके, पंधरा. ३३३ चा सहाचा, अडीच ठोके, पंधराच. "दोगं बी संगंच ओ देत्यात की रं. मग तुजं कुटं चुकलं?"
कुठंच नाही. पण त्या तिनाचे दोन केले तर? बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगात, सोय आहे.

८ नोव्हें.
केले. जुनी रॅम काढून ठेवली. मशीन सुरू, एकदाही अडकलं नाही. भोरात हे कुणाला जमणार! बायको म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तिला काय कळतंय.

१९ नोव्हें.
सातही वह्या स्कॅन झाल्या, सीडीही केली. गुरुजी आता खाटेवरून उठत नाहीत, म्हणून पासलीला जाऊन वह्या देऊन आलो. बायकोला, आमच्या काकूंना, म्हणाले, "ह्या रद्दीत जायला नकोत. मी गेलो की पान्यात सोड." जुन्या पोथ्या सोडतात तशा. मग मला, "समदं हाय ना तुज्याकडं?"
म्हटलं, बिनघोर राहा गुरुजी.

२८ नोव्हें.
गुरुजी गेले. मातीला जाऊन आलो. लिहवत नाही.

७ डिसें.
दहावा. नदीवर काकूंनी एकेक वही स्वतःच्या हातानं सोडली. दाण्यांचे रंग काही वेळ दिसत राहिले. मी शेजारीच उभा.

१० डिसें.
पुस्तक जुळवायला बसलो. पहिल्या वहीचं तिसरं पान वरून ठीक, खाली करड्या पट्ट्या. चौथं उघडतच नाही. सीडीवरही तसंच. जी रॅम तीन ठोक्यांनी उत्तर देते तिला दोनात द्यायला लावलं, मग तिनं कधी खरं दिलं, कधी भलतंच. तेच सेव्ह झालं. स्कॅन होताना पडद्यावर पान नीट दिसायचं, म्हणून एकही फाईल परत उघडून पाहिली नाही. एकही नाही.
सीएल तीनवर आणलं. मशीन ठीक आहे. शटर ओढून रडलो.

१३ डिसें.
सगळी पानं तपासली. शाबूत निम्मीही नाहीत. काकूंना सांगायचं. पासलीच्या एसटीत बसलो आणि वेल्ह्यालाच उतरून परत आलो. भेकड.

१६ डिसें.
काकूच आल्या. एकट्या. "माज्या म्हायेरचा काळभात दाव की, सलीम. त्यांनी लई मन लावून काढला व्हता." उघडला. वर गुरुजींच्या अक्षरात नाव, दाण्याचं टोक, खाली पट्ट्या. आता सांगायचं, असं ठरवून तोंड उघडलं.
"खालचं अजून यायचंय व्हय? येऊ दे. थांबते मी."
हात मांडीवर ठेवून बसल्या. पडद्यावरची नजर हलवली नाही. मी उगाच कीबोर्ड बडवत राहिलो. एसटीची वेळ झाली तशा उठल्या.
"आज न्हाई येत वाटतं. उद्या येते."