चेतनाच्या बुरशीच्या विटा आणि आपले नाक

धानोरा, ता. नंदुरबार

तीर्थस्वरूप तात्यांना पितांबरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच). पुरुषोत्तमनगरला सर्व खुशाल असतील. साखर कारखान्यात मळीजवळ तीस वर्षे काढून आपल्या नाकाला येईनासा झालेला वास परत येऊ लागला का? विचारण्यास कारण आहे, पण ते मागाहून.

आपण पाठवलेल्या उसाच्या भुसकटाचे काय झाले ते ऐका. आमची चेतना इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचे म्हणणे, भुसकट उकळून त्यात अळिंबीचे बी मिसळायचे आणि साच्यात दाबायचे. बुरशी आतून तंतू विणते आणि न भाजता वीट तयार. (भट्टी नाही, धूर नाही. मी म्हटले, बहुतेक घरही नाही.) या विटांची खोली परसात उभी करून परीक्षकांना दाखवायची, नाहीतर पोरीचे वर्ष वाया. साचे ओटीवर रचून, कोणी हात लावू नका असे बजावून ती कॉलेजला गेली.

आता आमच्या सौ. गजराबाईंचा स्वभाव आपण जाणता. उभा जन्म लोणच्या-पापडांच्या बुरशीशी लढण्यात गेलेला. बाराव्या दिवशी विटा पांढऱ्याफटक दिसताच, "मन्हा घरमा बुरशी चालाव नही!" म्हणत तिने सगळे साचे उपडे केले आणि विटा मिरचीवाल्या वाहरूच्या पथारीवर, म्हणजे त्याच्या मिरच्या वाळवायच्या मैदानात, वाळत्या मिरच्यांच्या शेजारी, कडक उन्हात मांडल्या. मी तेव्हा झोपलो होतो (हे चेतनाला ठाऊक नाही). चार दिवसांनी पोर परतली ती विटा बघून पथारीवरच रडत बसली. मला ते बघवेना, तात्या. पण डोळे पुसता पुसता तिने एक वीट मोडून पाहिली. मोडेना! बुरशी पुरती वाढली की तिला वाळवून मारायचीच असते म्हणे, आणि गजराबाईंनी नेमकी वेळ साधली होती. बांबूच्या सांगाड्यात विटा बसवून खोली उभी राहिली. बुधवारी परीक्षकांनी भिंतीला खांदा लावून पाहिला, पाणी ओतून पाहिले आणि चेतनाला पास केले. माझ्या जिवात जीव आला. गजराबाई आता मोहल्ल्यात स्वतःला इंजिनियर म्हणवतात.

आपला,
पितांबर

ता. क. परीक्षकांनी मार्क खोलीबाहेर उभे राहून, नाकाला रुमाल लावून दिले. विटांनी मिरची पार आत ओढली आहे. शिरलेला माणूस सात शिंकांच्या आत बाहेर येतो. (वाळवी मात्र फिरकत नाही.)

आणखी ता. क. पास केले ते एका अटीवर. कोणीतरी पंधरा दिवस आत राहून खोली राहण्याजोगी असल्याचे सहीनिशी लिहून द्यायचे आहे. आपली खाट टाकून ठेवली आहे. वास अजून आला नसेल तर लगेच निघा. आला असेल तर कळवू नका, तसेच निघा.